बटणांच्या डब्यातली पुडी

'धडधाकट लेकराला औषध पाजू नये गं, दुखणं घराची वाट विचारत येतं.' आई हे म्हणायची तेव्हा शिंपीण स्वतः फ्रॉकातली पोर होती. आई जाऊन वीस वर्षं झाली, पण तिचा आवाज कानातून काही हलला नाही.

म्हणून तर शाळेने सगळ्याच मुलांना हिवतापाच्या गोळ्या द्यायच्या ठरवल्या, तेव्हा तिच्या काळजात चर्र झालं. लेक चिमणी तर दिवसभर घर डोक्यावर घेत होती. तिला कसलं औषध? पहिल्या दिवशीच्या गोळ्या बाईंनी वर्गात समोर उभं राहून गिळायला लावल्या. पुढचे दोन दिवस सुट्टीचे, म्हणून उरलेल्या पुडीत बांधून घरी आल्या. शिंपिणीने पुडी मशीनवरच्या बटणांच्या डब्यात तळाशी सारली आणि शाळेने घरी ठेवायला दिलेल्या कार्डावर दोन बरोबरच्या खुणा करून टाकल्या.

आठवड्याने नर्सबाई धाकट्या जावेला तपासायला आल्या. तिला सातवा महिना. मागच्या खेपेला हिवतापानेच तिची कूस रिकामी केली होती. आता घर तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होतं. चिमणी तर काकूच्या पोटाला कान लावूनच झोपायची. मच्छरदाणीत एखादा डास शिरलाच, तर तो दोघींचाही पाहुणा.

नर्सबाई समजावत होत्या. शाळकरी पोरांच्या रक्तात हिवताप मुका बसून राहतो. ना थंडी, ना ताप, पोर आपलं खेळतंय. डास त्याला चावतो, मग शेजारच्याला. पोरांना गोळ्या दिल्या की साऱ्या वस्तीवर पांघरूण पडतं. चिमणीच्या पूर्ण झाल्या ना?

जाऊच हसून म्हणाली, "आमच्या ताईंना काय विचारता? एक टाका चुकायचा नाही त्यांचा."

नर्सबाईंनी कार्डाकडे पाहून मान डोलावली, पिशवी उचलली. शिंपिणीने मशीनचं चाक थांबवलं. खरं बोलावं तर जावेच्या मनातून कायमचं उतरायचं. गप्प राहावं तर... जावेचा हात पोटावरून फिरत होता, सावकाश, निजलेल्या बाळाला थोपटावं तसा.

"सिस्टर, थांबा जरा. त्या खुणा खोट्या आहेत. दोन दिवसांच्या गोळ्या मी तिला दिल्याच नाहीत."

मग ती जावेकडे वळली. "तुझ्यापासून लपवलं गं मी. आधी तुझं रक्त तपासू दे त्यांना."