भीमरावांच्या गॅलरीतलं ऊन

आमच्या घरात कुठलीही वस्तू एका जन्मावर सुटत नाही. माझे सासरे शंकरराव, त्यांना मी मामा म्हणते, कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यापासून त्यांचे हात शिवशिवतात. पंख्याचं पातं फळी होऊन भिंतीवर चढलं, फुटक्या बादलीत ओवा उगवला, आणि माझ्या लग्नातल्या सुटकेसची चाकं हल्ली कशाखाली फिरतात ते विचारूच नका. मी चिडते, तोंडाचा पट्टा सोडते. ते हसतात आणि पुढचा स्क्रू शोधायला लागतात.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात मात्र त्यांचं हसू गेलं. सासूबाई, आमच्या भागीरथीआत्या, मोरीत पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. खाट दाराजवळ टाकली, कारण सकाळचं ऊन तिथं त्यांच्या पायांवर यायचं. नेमका तेव्हाच समोरच्या भीमरावांनी वर मजला चढवायला घेतला. आमच्या बुवापाड्यासारख्या दाटीच्या वस्तीत कोण कुणाला अडवणार? त्यांचीही दोन पोरं लग्नाला आलेली. वीट चढत गेली तसं ऊन रोज थोडं उशिरा यायला लागलं, आणि एक दिवस आलंच नाही.

त्या दिवशी आत्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बोलणं बंद, जेवण दोन घासांवर. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळतंय. पण पेशंटलाच उठायचं नसेल तर मी काय करू?" मला भीती वाटायला लागली. भिंतीकडे वळलेलं माणूस हळूहळू भिंतीचंच होऊन जातं.

दुपारी ऊन आमच्या पत्र्यावरून पलीकडे जाऊन भीमरावांच्या नव्या गॅलरीवर पडायचं. "तिथनं परत फिरवायचं, बस," मामा म्हणाले. आधी त्यांनी त्या गॅलरीत स्टीलचं ताट टांगलं. उजेड आला, पण डचमळणारा, धड कुठं टेकेना. मग माझ्या नवऱ्याच्या, आकाशच्या, गाण्यांच्या खराब झालेल्या सीड्या परकराच्या नाडीत ओवून तिथंच टांगल्या. वारा सुटला की छतभर लाल, हिरवे, जांभळे ठिपके पोहायचे. भांडी पोहायची, कॅलेंडर पोहायचं. मी हातातलं पीठ विसरून बघत राहिले. आत्यांनी एक डोळा उघडला. "उरूस भरलाय काय?" म्हणाल्या, आणि परत भिंतीकडे.

आता घरात चकाकणारी एकच गोष्ट उरली होती, माझ्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा. माझ्या वडिलांनी, दौलतरावांनी, तो बदलापूरहून टेम्पोत स्वतः धरून आणला होता. ते गेल्यावर माहेरचं म्हणावं असं तेवढंच राहिलं. मामा येता-जाता आरसा डोळ्यांनी मापायचे आणि मान फिरवायचे. मागितला असता तर मी भांडले असते. ते मागत नव्हते, त्याचाच जास्त राग यायचा.

एका दुपारी मीच चमच्याच्या दांड्यानं स्क्रू काढले आणि आरसा त्यांच्यापुढं ठेवला.

"प्रीती, अगं..."

"काही बोलू नका मामा. नाहीतर परत लावीन."

मामांनी मोडक्या कपाटाच्या बिजागऱ्या काढल्या, शिलाई मशीनचं रीळ घेऊन कप्पी केली. आरसा गॅलरीत बसवताना भीमरावांनी शिडी धरली. "ऊन मीच अडवलं ना शंकरभाऊ, मग ठोका की खिळे, नवी भिंत आहे म्हणून लाजू नका." ऊन सरकतं, म्हणून कुणीतरी आरसा सारखा हलवत राहायला हवा. गल्लीवरून दोरी खिडकीत घेतली आणि तिचं टोक मामांनी आत्यांच्या मुठीत दिलं.

दीड वाजता ऊन घरात आलं. वाटत होतं, ते चुकून आलंय आणि मोठ्यानं बोललं तर निघून जाईल. हवेतली धूळ सोन्यासारखी तरंगत होती. आत्यांच्या पायांवर उजेडाचा चौकोन टेकला. त्यांची बोटं हलली. तोंड मात्र भिंतीकडेच.

मी ओट्याकडे वळले. तो कोपरा कायमचा अंधारा. भाकरी तव्यावर टाकली, आणि माझ्या हातांवर ऊन चढलं. मग गळ्यावर. मग डोळ्यांत.

वळून पाहिलं तर आत्या या कुशीवर झाल्या होत्या. दोरी मुठीला गुंडाळलेली.

"आत्या, डोळ्यात येतंय. पायांवर घ्या ना."

"पायात काय बघायचंय? आरसा दिलास, आता तुझं तोंड तुला दिसायचं नाही. मला तरी बघू दे." त्यांनी दोरी आणखी जराशी ओढली आणि मला कितीतरी वेळ बघितलं. "केवढी वाळलीस गं पोरी. घरात कुणी बघितलं नाही?"

माझा सगळा राग डोळ्यांतून वाहायला लागला.

"रडतेस काय? भाकरी उतरव. ताटं आण दोघींची," आत्या म्हणाल्या, आणि बसतं करायला माझ्याकडे हात पुढे केला.