मान वळवायची सवय

घड्याळजींचा कुत्रा वाटेवर बसला की घड्याळजी मान वळवायचे. कुत्र्याचं नाव साहेब. साहेबांनाही लाज असते, असं ते म्हणायचे आणि समोरच्या इमारतीची गच्ची न्याहाळत उभे राहायचे. साहेबांचं उरकलं की पट्टा ओढून दोघं पुढे चालू लागत. जे पाहिलंच नाही ते उचलायचं कसं? लेकीनं मुद्दाम घाण उचलायच्या पिशव्यांची गुंडाळी आणून दिली होती, ती खुंटीवर धूळ खात पडली होती. आणि हाच माणूस चाळीस वर्षं दुकानात बसून घड्याळातला केसाएवढा कचरा चिमट्यानं काढत आला होता! स्वच्छता होती ती सगळी भिंगाखाली.

बागेच्या वाटेला लागून, तळमजल्यावर ड्रायव्हर राहायचा. तीस वर्षं बस चालवली, मग पाय गेले आणि चाकांची खुर्ची आली. तिला तो गाडीच म्हणायचा आणि ती दुसऱ्या कोणाला ढकलू द्यायचा नाही, बायकोलासुद्धा नाही. रोज पाचच्या ठोक्याला स्वतः चाकं ढकलत तो बागेतल्या बाकापाशी यायचा, लांबूनच तोंडानं हॉर्न वाजवायचा आणि घड्याळजी बुद्धिबळाचा पट मांडायचे. बायको गेल्यापासून घड्याळजींच्या दिवसात तेवढा एक तास कामाचा होता.

एक दिवस ड्रायव्हर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. आता शहाण्या माणसानं जाऊन विचारलं असतं की नाही? पण घड्याळजी पडले मानी. ‘चार डाव हरला म्हणून तोंड फुगवून बसलाय,’ असा त्यांनी घरबसल्या निकाल लावून टाकला. ‘त्याला गरज नाही, तर मलाच कुठे अडलंय?’ या अढीत चार महिने निघून गेले. साहेबांची फेरी मात्र रोज त्याच वाटेनं, ड्रायव्हरच्या खिडकीखालून व्हायची.

शेवटी एकदा भाजी घेताना वहिनीच भेटल्या, ड्रायव्हरची बायको. “भाऊजी, येत का नाही हो? हे रोज तुमची आठवण काढतात.”

घड्याळजी त्याच संध्याकाळी गेले. दाराबाहेर बादली होती, भांडी घासायचा जुना ब्रश होता आणि चिंध्यांचा ढीग. शेजारी खुर्ची घडी करून ठेवलेली.

“हे कशाला?” त्यांनी विचारलं.

“चाकांसाठी,” वहिनी म्हणाल्या. “वाटेवर कुत्र्यांची घाण असते ना, ती चाकाला लागते. आणि ढकलायचं म्हणजे चाकाला हात तर लावावाच लागतो. तुम्ही-आम्ही चप्पल दाराबाहेर काढतो. यांनी चाकं कुठे काढायची? एकदा त्याच हातानं डोळा चोळला, तो महिनाभर सुजला. मी रोज घासून द्यायचे, पण माझेच गुडघे बोलायला लागले. मग हेच म्हणाले, राहू दे, गाडी डेपोत लावू.”

घड्याळजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ड्रायव्हर खिडकीपाशी पलंगावर बसला होता. “ये रे. आज कुठे उगवलास?”

“मला बोलला का नाहीस?”

“काय बोलायचं? इथून सगळं दिसतं. तुला रोज बघायचो. म्हटलं, आज नाही तर उद्या उचलेल. आहेस एवढा एकच मित्र, तुझ्याशी काय कुत्र्याच्या गुवावरून भांडू?”

घड्याळजींना माफीसुद्धा धड मागता आली नाही. चार महिने आपण रुसलो होतो, आणि रुसायचा हक्क होता कोणाला! भांडला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गुंडाळी फोडली. साहेबांचं उचललं, मग दुसऱ्यांच्या कुत्र्यांचंही उचललं, ड्रायव्हरच्या दारापासून बाकापर्यंत वाट पाण्यानं धुतली. पट्टा धरून येणाऱ्या प्रत्येकाला अडवू लागले. “अहो, एवढं उचला. इथून एकाला हातांनी चालत जायचं असतं.” कोणी ऐकलं, कोणी ‘म्हातारा चळला’ म्हणालं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचंही ते मुकाट्यानं भरत राहिले.

पंधरा दिवसांनी ते ड्रायव्हरला घ्यायला गेले. “चल. वाटेवर बसून जेवशील, इतकी स्वच्छ केलीय.”

ड्रायव्हर खुशीत खुर्चीवर बसला. उंबऱ्यावरची फळी उतरला, वाटेला लागला. दहा पावलांवर गाडी थांबली. त्यानं पुन्हा जोर लावला. दंड थरथरले, चाक वीतभर सरकून परत मागे आलं. चार महिने पलंगावर बसून हातांतली ताकद गेली होती.

“जरा दम खा,” घड्याळजी म्हणाले. “घाई कसलीय?”

ड्रायव्हरनं दम खाल्ला, पुन्हा करून बघितलं. मग चाकांवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.

“तूच ढकल,” तो म्हणाला.

घड्याळजींनी मागून खुर्ची धरली. ढकलत ढकलत त्याला बाकापर्यंत नेलं.