काट्याला न कळलेले उपवास

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. उमरग्याच्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात, आजारी मुलींच्या खोलीत माझी हयात गेली. पूर्वी सुट्टी संपवून मुली आल्या की आधी माझ्यावर चढायच्या. काटा उजवीकडे सरकला की मैत्रिणी टाळ्या वाजवायच्या, आईच्या हातचं अंगी लागलं म्हणायच्या. फार गोड दिवस होते ते, आणि माझा तोराही भारी असे.

पुढे मुलींना काटा डावीकडे सरकलेला हवा झाला. परंड्याची सृष्टी तर दिवसातून चारदा यायची. बांगड्यासुद्धा काढून ठेवायची. आकडा पाहून तिचं तोंड उतरायचं. जिना चढताना तिला घेरी यायची, पण ती कुणाला सांगत नसे.

यंदा मुलींची तपासणी झाली. सृष्टीचं वजन उंचीला साजेसं भरलं, म्हणून मी खूश. मग रोहिणी सिस्टर एकेकीला खाण्याबद्दल प्रश्न विचारू लागल्या. जेवण टाळतेस का, यावर सृष्टी म्हणाली, सोमवार, गुरुवार, शनिवार उपवास असतात, रविवार सोनारीच्या काळभैरवाचा. सिस्टरनी कौतुकानं 'उपवास' लिहिलं आणि कागद बाजूला ठेवला.

मेसच्या कस्तुराबाई सिस्टरचा चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

"सिस्टर, उपासाला माणूस भगर खातं, शेंगदाण्याची आमटी खातं. ही पोर कायबी खात न्हाय. परवा जेवली, तर लगीच मोरीत वकून आली."

सृष्टी हळूच म्हणाली, "मला खायचीच भीती वाटते."

सिस्टरनी 'उपवास' खोडलं, तिच्या आईला बोलावून घेतलं आणि दोघींना डॉक्टरांकडे नेलं. माझा आकडा खरा होता, तरी त्याच्या भरवशावर ही पोर सगळ्यांच्या नजरेतून सुटून जाणार होती. मला माझीच लाज वाटली.

सिस्टरनी मला त्या खोलीतून हलवलं; आता मी मेसच्या स्वयंपाकघरात ज्वारीची पोती मोजतो. जुन्या टाळ्या आठवतात. सृष्टी कधी अर्धी भाकरी खाते, कधी नुसती बसते. कस्तुराबाई तिच्याशेजारी बसतात. काल ती माझ्यापाशी थांबली. एक पाय माझ्यावर ठेवलाही.

"सृष्टी, भाकरी निवायलीय," कस्तुराबाईंनी हाक दिली.

तिनं पाय खाली घेतला. "आले, मावशी."

मित्रांनो, ज्वारी माझ्यावर खुशाल मोजा. आपल्या माणसाला मात्र जेवलास का म्हणून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत त्याच्यापाशी थांबा.