चार कपाटं दगड

फ्रीज थरथरून सुरू झाला आणि त्याच्यावरच्या ताटलीत नणंदेनं जमवलेले दगड किणकिणले. जेवणानंतरची दुपार, घरात कुणी बोलत नव्हतं. वहिनी आणि नणंद दोघी दचकल्या, आणि दचकलो म्हणून हसल्या. वहिनीची चार वर्षांची ठकी तेवढी आत्याच्या मांडीवर गाढ झोपलेली.

हसू ओसरलं तशी नणंदेनं पुन्हा फोनकडे पाहिलं. कुठलं कॉलेज घेणार ते पाचपर्यंत कळवायचं होतं. घराजवळच्या नावाजलेल्या कॉलेजात भूगर्भशास्त्राची यादी तिच्या नावाच्या तीन नावं अलीकडेच थांबली होती; तिथं तिला संख्याशास्त्र मिळत होतं. भूगर्भशास्त्रच हवं असेल तर सहा तासांवरचं एक छोटं कॉलेज तयार होतं. त्याचं नाव घरात कुणी ऐकलेलं नव्हतं.

"वहिनी, तूच सांग. दादा म्हणतो जवळचं घे, घरचा डबा मिळेल."

"तुझ्या दादाला डब्यापलीकडे कधी काही दिसलंय का?" वहिनी म्हणाली. पुढचं मात्र तिला चटकन बोलता येईना. ती घरी गणवेश शिवायची. नणंद दुपारी घरी येऊन ठकीला सांभाळायची, म्हणून तर संध्याकाळपर्यंत मशीन चालायची. जवळचं कॉलेज घेतलं तर सगळं आहे तसंच चालणार होतं. "गणितात मार्क तर बरे आहेत तुझे," सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली.

"मार्क बरे आहेत गं. पण आमचं एकमेकांशी बोलणं नाही."

"मग त्या लांबच्यांना एक फोन तरी कर." फोन केला की तिथलं पितळ उघडं पडेल, असं वहिनीला मनातून वाटत होतं.

नणंदेचा एक हात ठकीच्या डोक्याखाली, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला. ऑफिसातले लोक जेवायला गेले होते. प्रयोगशाळेची व्यवस्था बघणाऱ्या काकांनी फोन उचलला.

"भूगर्भशास्त्र? आहे की. मुलं सहा, शिक्षक दोन, आणि मी."

"काका, नमुने आहेत का?"

"दगड ना? चार कपाटं आहेत. पण खरं सांगू का पोरी, मागे पाणी शिरलं आणि चिठ्ठ्या सगळ्या सुटल्या. कुठला दगड कुठून आणलेला, आता कुणाला पत्ता नाही. मोठं कॉलेज मिळत असेल तर सरळ तिकडे जा."

वहिनीला हायसं वाटलं. काकांनीच काम सोपं केलं होतं.

नणंद फोनकडे झुकली. मग म्हणाली, "सुटलेल्या चिठ्ठ्या टाकल्या नाहीत ना?"

"छे. दोन डबे भरून ठेवल्यात."

"शाई पसरलीय, की वाचता येतात? आणि दगडांवर कुठं आकडे रंगवलेत का?"

काका बघायला उठले. परत येऊन एकेक आकडा वाचून दाखवू लागले. हाताशी कागद नव्हता, म्हणून नणंदेनं वहिनीचा शिवणाचा खडू उचलला आणि टेबलावरच आकडे उतरवायला सुरुवात केली. विचारता विचारता अर्धं टेबल भरलं.

फोन ठेवल्यावर तिनं ते तळहातानं पुसून टाकलं.

"जवळचंच घेते. चिठ्ठ्यांचं बघेल कुणीतरी. ठकीला घेऊन तू मशीन कशी चालवणार?"

वहिनीच्या सुईत अजून दोरा गेला नव्हता. हवं होतं ते उत्तर आपल्या पायांनी चालत आलं होतं. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिनं दोऱ्याचं टोक पुन्हा ओलं केलं, आणि मग सुई खाली ठेवली.

"काल जवळच्या कॉलेजला फोन केलास तेव्हा एकच प्रश्न विचारलास. तास किती वाजता सुटतात."

"मग?"

"तो माझ्यासाठी होता. तुझ्यासाठी तू तिथं काहीच विचारलं नाहीस. लांबचं घे."

"आणि मशीन?"

"मशीन माझी आहे. तिची समजूत मी काढीन."

नणंदेनं बाहीनं नाक पुसलं आणि अर्ज भरायला घेतला. त्या हालचालीनं ठकी जागी झाली.

"आत्या काय करतेय?"

"कॉलेज घेतेय, लांबचं," वहिनी म्हणाली. "दगड शिकायला जाणार आहे."

ठकीनं त्यावर जरा विचार केला. मग आत्याच्या मांडीवरून घसरत आईच्या मांडीवर आली.

"दगड शिकून झाले की आत्या इथंच येणार, का आणखी काही शिकायला आणखी लांब जाणार?"