पंधरा मिनिटांचा शेक

१९९२ साली कळव्याच्या कोळीवाड्यातली मंजुळा फिजिओथेरपीची पदवीधर झाली, तेव्हा अख्ख्या आळीला अभिमान वाटला. कशाचा, ते मात्र कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. शेजारची तुळसाकाकी पेढा तोंडात टाकून म्हणाली, "म्हंजे मालीशच ना गो? त्याला एवढी वरसं लागली?" बापानं, धाकूनं, जाळ्यातून मान वर न काढता विचारलं, "सुई टोचता येते?"

"नाही, बाबा."

"मंग कसली डॉक्टर?"

विषय संपला.

मंजुळाचा बेत मात्र पक्का होता. दोन वर्षं अनुभव घ्यायचा, मग स्वतःची जागा काढायची आणि माणसं चालती करायची.

डोंबिवलीतल्या एका नर्सिंग होममध्ये तिला नोकरी लागली. मालक डॉक्टरसाहेब समतेचे पुजारी. मान असो, कंबर असो, गुडघा असो, सगळ्यांना एकच न्याय: मशीनचा पंधरा मिनिटं शेक, रोज, तीन महिने. मंजुळानं बटण दाबायचं आणि घंटी वाजली की बंद करायचं. शरीरातले सहाशेच्या वर स्नायू तिनं रात्ररात्र जागून पाठ केले होते. नोकरीला एक अंगठा पुरला.

तिथं ठाकुर्लीच्या रखमाबाई यायच्या. खुब्याचं हाड मोडून जुळलेलंही होतं, पण भीतीनं त्या पाय जमिनीला टेकवत नव्हत्या. मुलगा-सून खुर्चीतून उचलून आणायचे. दोन महिने शेक चालू होता, त्यामुळे खुबा छान गरम असायचा.

एका दुपारी डॉक्टरसाहेब स्वतःच्याच सत्काराला गेले होते. मंजुळानं मशीन बंद केलं.

"आजी, उभ्या राहा."

"पडले तर?"

"मी धरते."

"तुझा जीव केवढासा, पोरी!"

"बापाबरोबर होडी ओढलीय मी. उठा."

रखमाबाई उठल्या, थरथरल्या, रडल्या आणि मंजुळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चार पावलं चालल्या. दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांची नजर चुकवून, सहा. महिन्याभरात त्या काठी टेकत थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि आनंदानं म्हणाल्या, "आता शेक नको मला."

डॉक्टरांना तेवढा आनंद झाला नाही. त्यात बाकावरच्या तिघांनी "आम्हालाही चालवा" असा हट्ट धरला. संध्याकाळी डॉक्टरांनी मंजुळाला बोलावलं. "तुमच्यासारख्या हुशार मुलीला इथं वाव नाही," ते म्हणाले. तेवढं एक निदान त्यांचं अचूक निघालं.

दोन वर्षांचा अनुभव असा साडेपाच महिन्यांत आटोपला. मंजुळा आठ दिवस घरी तोंड पाडून बसली. नवव्या दिवशी रखमाबाई मुलाला घेऊन कळव्यात हजर झाल्या आणि धाकूला म्हणाल्या, "आमची बाहेरची खोली सकाळची रिकामीच असते. पोरीला पाठवा."

खोलीत एक बाकडं, दोन खुर्च्या आणि भिंतीला ठोकलेला बांबू. पहिला आला गिरणीतली नोकरी सुटून घरी बसलेला दगडू, अर्धांगानं एक बाजू लुळी पडलेला. मग त्याचा साडू, मग साडूची शेजारीण. रखमाबाई दाराशी बसून सगळ्यांवर ओरडायच्या. हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण मंजुळापेक्षा त्यांचं जास्त ऐकलं जाई.

वर्ष सरताना मंजुळा त्यांना म्हणाली, "आजी, पुढे कल्याणला मोठी जागा घ्यायची. चालायला दोन्ही बाजूंनी दांड्या लावायच्या, लहान मुलांसाठी वेगळी खोली..."

"घे की," रखमाबाई म्हणाल्या. "आधी दगडूला जिना चढव. बांबू धरून बसलाय केव्हाचा."

मंजुळा हसली, पदर खोचला आणि दगडूचा दंड धरला.