तुमच्याच माणसाची सही

“पुन्हा करून बघा,” मॅनेजर जयसिंगराव म्हणाले आणि तार त्यांनी टेबलावर अशी भिरकावली, की ती घसरत जाऊन ज्योतीरामच्या मांडीवर पडली.

ज्योतीरामने पुन्हा करून बघितलं. जुळेना. पिंपरीच्या त्या बँकेत चिकटून त्याला वर्ष होत आलं होतं, अजून कायम व्हायचं होतं, आणि तारेने येणाऱ्या पैशांची तपासणी त्याच्याकडे होती. काम तसं सरळ. मुंबईची शाखा तार करायची, अमक्या कंपनीच्या खात्यात इतके जमा करा, आणि शेवटी एक गुप्त आकडा घालायची. तो आकडा तारखेवरून आणि रकमेवरून कसा काढायचा, ते कोष्टक दोन्हीकडे कुलपात. इथे मांडून तोच आकडा आला तर तार खरी. नाही आला तर मुंबईला उलट तार करायची आणि उत्तर येईपर्यंत पैशाला हात लावायचा नाही. आकडा जुळला म्हणून ज्योतीरामची सही, तिच्याखाली पैसे द्या म्हणून मॅनेजरची. एकाच्या सहीवर भागत नसे.

त्यात शनिवार, बँक अर्धा दिवस. तार होती भोसरीच्या एका फाउंड्रीच्या पगाराची, आणि दसरा तोंडावर आलेला. फाउंड्रीचा कॅशियर रिकामी पेटी पायाशी घेऊन बाकावर घाम पुसत बसला होता. जयसिंगरावांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला, घसा बसेपर्यंत ‘हॅलो हॅलो’ केलं, तेव्हा कुठे पलीकडून कोणीतरी म्हणालं की हो, तार आमचीच.

“मी स्वतः बोललोय. आवाज ओळखीचा आहे. अजून काय पाहिजे तुम्हाला?”

ज्योतीरामने हळूच सांगितलं की फोनवरचा आवाज नियमात बसत नाही. गेल्याच वर्षी दुसऱ्या एका शाखेत खोट्या तारेवर पैसे गेले होते आणि सही करणारा घरी बसला होता, हे जयसिंगरावांनाही ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांना ही सही हवी होती!

“साहेब, तुम्ही लेखी द्या,” ज्योतीराम म्हणाला. “आकडा जुळत नाही, तरी माझ्या जबाबदारीवर पैसे द्यावेत, एवढंच. मी लगेच कागद पुढे करतो.”

एवढ्या ओळीला किती वेळ लागतो? पेन खिशाला होतंच. पण जयसिंगरावांचा हात काही खिशाकडे जाईना. त्यांनी खुर्ची मागे सारली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, की कोट्यातून खुर्ची मिळाली की माणसाला वाटायला लागतं नियम आपणच केलेत, आणि तुमचा कायम होण्याचा रिपोर्ट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे हे विसरू नका. हॉलमधल्या सगळ्यांच्या माना एकदम कामात खाली गेल्या. एरवी त्या वेळी चहा चालायचा. ज्योतीरामच्या कानांची आग झाली. त्याने उलट तारेचा फॉर्म पुढे ओढला आणि भरायला घेतला.

तोवर फाउंड्रीतली माणसं बँकेच्या दाराशी येऊन थडकली. पुढे रंगराव. हा ज्योतीरामच्या वस्तीतला, भिंतीला भिंत लागून घर, आणि ज्योतीराम ऑफिसर झाला तेव्हा स्वतःच्या पैशाने वस्तीभर पेढे वाटणारा. वस्तीतली निम्मी माणसं त्याच फाउंड्रीत. सगळ्यांनी मिळून दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायला एसटीची खास गाडी ठरवली होती. ठरलेले पैसे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत डेपोत भरायचे होते आणि ते पगारातून निघणार होते. यादीत पहिलं नाव ज्योतीरामच्या आईचं, गोजाबाईचं. तिने उभ्या जन्मात नागपूर पाहिलं नव्हतं. महिनाभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

जयसिंगराव दारात गेले. आवाजात केवढं ते मार्दव!

“पैसे आलेत. मी द्यायला तयार आहे. तुमच्याच माणसाची सही अडलीय.”

आणि ते आत येऊन पंख्याखाली बसले. झालं. आता जे काय करायचं ते बाहेरची माणसं करणार होती.

रंगरावाने ज्योतीरामला सायकलींपाशी बोलावून घेतलं. ज्योतीरामने त्याला आकडा म्हणजे काय, उलट तार म्हणजे काय, सगळं समजावलं. मुंबईला तार केलीय, सोमवारी उत्तर येईल, तेवढी कळ काढा म्हणाला.

“डेपोवाला सोमवार म्हनत न्हाई,” रंगराव म्हणाला. “मला तुज्या आकड्यातलं कळत न्हाई. येवढं सांग, पैसं खोटं हायत का?”

“माहीत नाही, काका.”

“म्हंजी खरंबी असतील.”

“असतील.”

“तरी करत न्हाईस.”

ज्योतीरामला भडभडून आलं. पोटात होतं ते त्याने सांगून टाकलं. पैसे गेले तर ज्योतीराम चुकला असं कोणी म्हणणार नाही, ‘ही माणसं अशीच’ म्हणतील, आणि वस्तीतल्या पुढच्या पोराला त्या खुर्चीच्या आसपास फिरकू देणार नाहीत.

रंगरावाने ऐकून घेतलं. मागची माणसं पुढे सरकली होती. त्यांतल्या कोणीतरी शिवी दिली, ती आईवरून होती.

“त्यांनी काय म्हनावं, म्हनून आमी घरी बसायचं व्हय?” रंगराव म्हणाला.

ज्योतीराम आत गेला, कोष्टक कुलपात टाकलं आणि सही न करता घरी गेला.

सोमवारी मुंबईचं उत्तर आलं. तार खरी होती. तारघरात कोणाच्या तरी हातून सातचा एक झाला होता, बस. जयसिंगरावांनी ते उत्तर हॉलच्या मध्यभागी उभं राहून वाचून दाखवलं, मग ज्योतीरामपुढे ठेवलं आणि म्हणाले, “घ्या, आता करा.” त्याने केली. दुपारी पगार झाले. रंगराव पैसे घेऊन तसाच डेपोत पळाला, पण गाडी दुसऱ्या गावाला दिलेली होती.

त्यानंतर वस्तीत कोणी भांडायलासुद्धा आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. रंगरावाची बायको छबूबाई नळावर गोजाबाईशी बोलायची आणि ज्योतीराम दिसला की बोलणं तोडायची. दसऱ्याला सगळी वस्ती देहूरोडच्या विहारात गेली. गोजाबाईला बायकांनी हाताला धरून नेलं. ज्योतीरामच्या दारावरून माणसं गेली, कोणी हाक मारली नाही.

संध्याकाळी गोजाबाई परत आली, चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. शनिवारपासून या विषयावर ती अवाक्षर बोलली नव्हती आणि त्याला आता ते सोसवेना.

“आई, मी चुकलो का?”

“मला काय ठावं? तू शिकलेला.”

तिने त्याच्या ताटात भाकरी टाकली. मग तव्याकडे बघतच म्हणाली, “छप्पन साली तुजा बाप नागपूरला दीक्षेला गेला. समदी वस्ती गेली. तू पोटातनं नुकताच भाईर आलेला, मी वली बाळंतीन. तुज्यापायी ऱ्हायले.”

ज्योतीरामने मान वर केली. हे ती त्याला कधी बोलली नव्हती.

“तवा वाईट न्हवतं वाटलं,” गोजाबाई म्हणाली.

तिने तवा उतरवला, पदराला हात पुसले आणि ती बाहेर छबूबाईच्या ओट्यावर बायकांत जाऊन बसली. ज्योतीरामने भाकरी मोडली. भिंतीपलीकडे बायका बोलत होत्या, मधूनच त्याच्या आईचा आवाज येत होता, आणि एकटा बसून तो जेवत राहिला.