दुसरीकडे बोट दाखवणारी कार्डं

आमच्याकडे एका बाईला तीन नावं. कागदावरचं एक, लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं दुसरं, आणि आईच्या तोंडचं तिसरं. दवाखान्यात फाईल मात्र एकच, कागदावरच्या नावाची. धुळ्याच्या त्या धर्मादाय दवाखान्यात फायली मी सांभाळायचे. बाकीच्या नावांसाठी मी कार्डं केली होती: वर ते नाव, पुढे ‘पहा:’ आणि कागदावरचं नाव, फाईल नंबर. सासरची नावं लाल शाईत, माहेरची आडनावं निळ्या, आईच्या तोंडची, घरची, हिरव्या. तीन ड्रॉवर. घरच्या नावांचा ड्रॉवर गावागावाने लावलेला, कारण गावोगावी उखा असतेच. आधीची लेकरं जगली नाहीत, की पुढचीला उकिरड्यावर ठेवून उचलतात आणि उखा म्हणतात.

अठ्ठ्याऐंशी साली चुडामण नाना व्यवस्थापक म्हणून आले. त्यांनी एक कार्ड उलटसुलट पाहिलं.

“लताबाई, यात माहिती काहीच नाही. नुसतं दुसरीकडे बोट. कशाला जागा अडवता? काढा.”

मी नाकावर माशी बसू देत नाही. दोन शब्दांत समजावलं असतं तर नाना ऐकलेही असते. पण मला राग आला. लाल आणि निळ्या कार्डांचे दोन्ही ड्रॉवर मी स्वतः उचलले आणि पाणी तापवायच्या बंबात ओतले. तिसरा उचलणार तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

जेवून येते तर बाहेर बैलगाडी. बाळंत होऊन आठवडा झालेली बाई, तापाने बेशुद्ध. सोबत तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, रुपचंद. नवरा सुरतेला कामाला.

“काय नाव बाईचं?”

“धाकला भाऊनी बाई शे. मी कसं नाव लेऊ?” मान खाली घालून तो म्हणाला. मग हळूच, “आमना घरमा कौशल्या म्हनतस, कागदवरलं माले म्हाईत नही. ताई, ती लहानपने आठेच, याच दवाखानामा व्हती. सुईमुळे मरता मरता वाचनी, आसं आयकेल शे.”

डॉक्टरांच्या हातातली सिरिंज तिथेच थांबली. “कोणती सुई?”

रुपचंदला माहीत नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे वळले. “फाईल काढा. औषधाशिवाय ती तासाभरात जाईल, आणि चुकीचं दिलं तर त्याआधी.”

फायली चाळीस हजार. कौशल्याचं कार्ड असलंच तर ते लाल शाईतलं, म्हणजे बंबात. 

“माहेर कुठलं?”

“धरणगाव.”

“तिची आई तिला काय म्हणते?”

त्याने मान आणखी खाली घातली. जेठ भावजयीकडे मान वर करून बघत नाही, तिच्या घरच्या नावाशी त्याचा काय संबंध? मी ओरडले, “रुपचंदभाऊ, लाज मग धरा. आई आली की कशी हाक मारते?”

“उखा,” तो पुटपुटला.

मी धावले. हिरव्या ड्रॉवरमध्ये धरणगाव. उखा, तीन कार्डं. पहिली माझ्या ओळखीची म्हातारी. दुसरी वारलेली. तिसरं: ‘उखा, पहा: सुमन जीवराम, ११७४०.’ फाईल शिडीवर चढून काढली. पहिल्याच पानावर जुन्या डॉक्टरांचं ठळक अक्षर: पेनिसिलिन देऊ नये.

डॉक्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. तिच्यात पेनिसिलिनच भरलेलं होतं. त्यांनी दुसरी भरून घेतली.

चौथ्या दिवशी सुमन उठून बसली, लेकराला पाजू लागली. चुडामण नाना माझ्या टेबलाशी आले आणि कोऱ्या कार्डांचे चार गठ्ठे ठेवून गेले.  मी त्यांना दोष देऊ शकले नाही. काढा असं ते म्हणाले होते, जाळा असं नाही. ते माझं काम.

जळालेल्यांपैकी सहाशे वीस नावं मी आठवून पुन्हा लिहिली. बाकीची आठवली नाहीत. ती कोणाची होती, हे आता फक्त त्या बायांना माहीत. म्हणून बाई खिडकीशी आली की मी आधी आजार विचारत नाही. विचारते, “आई काय म्हणते तुला?”